दाजींचा रोटाव्हेटर खाली येईना

खडकीच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं हायड्रॉलिक प्रेस सांभाळले. त्यामुळे तेलाच्या दाबावर चालणारं काहीही बिघडलं की नातेवाइकांना माझी आठवण येते. एरवी येत नाही.

त्या रविवारी सकाळी लोणी काळभोरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "छोटा ट्रॅक्टर बिघडलाय. तुझे दाजी जेवत नाहीयेत. ये," म्हणाली. बिबवेवाडीहून स्कूटर काढली आणि तासाभरात पोचलो.

ट्रॅक्टर अंगणात उभा होता. त्याच्या मागचा, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर हवेत उचललेला. दाजी कट्ट्यावर बसलेले. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात जवळजवळ सुधारला, तो या ट्रॅक्टरमुळेच. डॉक्टरांच्या रबरी चेंडूपेक्षा त्यांनी लिव्हरच जास्त दाबली.

"मामा, ट्रॅक्टरचा प्रॉब्लेम नाहीये," भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला. तो खराडीला आयटीत आहे. त्याला गाडीची स्टेपनी बदलता येत नाही. "रोटाव्हेटर उचलणारी लिफ्ट वर जाते, खाली येत नाही. मिस्त्री म्हणाला, लिव्हर झटक्याने ओढून आतलं काहीतरी मोडलंय. म्हणजे बाबांचा हात. उद्या ते धूड कोणाच्या पायावर पडलं तर? संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. विकून टाकतोय."

किल्ली त्याच्या खिशात होती. पोराला मी दोष देणार नाही, तो खरंच घाबरला होता. पण मिस्त्रीने एक नट तरी उघडला होता का? बाहेरूनच निदान! अशा लोकांनी ज्योतिषाचा धंदा करावा.

"रोज सकाळी सीटवर जाऊन बसतात," ताई हळूच म्हणाली. "किल्ली नाही तरी लिव्हर वर-खाली, वर-खाली करत राहतात. पोरं पाटी गिरवतात तसं."

मला फार वाईट वाटलं. दाजींजवळ गेलो तर ते स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "पाव्हणं, मी बराबर करतोय आसं मला वाटतंय. पर आता माझाच भरवसा न्हाई."

मी आधी रोटाव्हेटरखाली दोन ओंडके सरकवले. उचललेल्या अवजाराखाली तसाच हात घालणारा एक शहाणा माझ्याबरोबर कामाला होता. त्याला आता आठच बोटं आहेत. मग तेल बघितलं. पातळी बरोबर, रंग स्वच्छ. पाणी शिरलं असतं तर ताकासारखं दिसलं असतं. भाच्याकडून किल्ली मागून इंजिन चालू केलं. पंप घरघरत नव्हता. लिव्हरची जोडणी नीट हलत होती. इंजिन बंद केलं.

"हा वर कधीपासून आहे?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले," ताई म्हणाली. "खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच काढला, तेव्हापासून."

आठ दिवस, आणि इंचभरही खचला नव्हता! म्हणजे सील चांगलं, पंप चांगला. आत गेलेल्या तेलाची परतीची वाटच कोणीतरी बंद केली होती. मी सीटखाली वाकून बघितलं. अवजार किती वेगाने खाली यावं ते ठरवणारा एक नॉब तिथे असतो. तो पूर्ण आवळला की अवजार वरच अडकून राहतं. नॉब करकचून आवळलेला होता, आणि त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती.

ती बोटं माझी होती.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पुसायची, एकूण एक नट आवळायचा आणि मगच हळदकुंकू लावायचं, अशी रीत. ढिल्या यंत्राची पूजा करू नये, असं आमचे उस्ताद म्हणायचे. यंदा खंडेनवमीला मी इथेच होतो. पाना घेऊन मोठ्या तोऱ्यात सगळा ट्रॅक्टर आवळला होता. हाताला लागला तो नॉबही. दाजी कौतुकाने बघत होते.

कोणाला काही कळलं नव्हतं. 'कचरा अडकला होता' म्हटलं असतं तरी खपलं असतं. खोटं कशाला बोलू, शब्द ओठांवर आलेही होते. पण समोर दाजी डाव्या हाताने उजवा हात चोळत बसले होते. कचऱ्याची सबब सांगितली असती तर त्या हातावरचा संशय गेला नसता.

लिव्हर खाली करून मी नॉब हळूहळू उलटा फिरवला. रोटाव्हेटर ओंडक्यांवर टेकला. मग सगळ्यांना जवळ बोलावून कुंकू दाखवलं.

"हे माझं काम आहे," मी म्हणालो. "दाजींचा हात पहिल्यापासून बरोबर होता. माती खाल्ली ती मी."

भाच्याने मान खाली घातली, ट्रॅक्टरला लावलेली किल्ली काढून वडिलांच्या उजव्या हातात ठेवली आणि गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगायला फोन काढला.

दाजींनी सीटवर चढून इंजिन चालू केलं. त्यांनी रोटाव्हेटर उचलला, मी काठीने ओंडके ढकलून बाजूला झालो. त्यांनी लिव्हर खाली केली. रोटाव्हेटर सावकाश खाली आला, आवाज न करता जमिनीला टेकला. दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पाच-सहा वेळा. आम्ही कोणीही पुरे म्हणालो नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाव्हणं, पुढल्या खंडेनवमीला बी या. पर पाना घरी ठिवून या."