मी शे ना आठे

धुळ्याला चुलतभावाकडं वंशावळीचे जुने कागद चाळत होतो. त्यांतून वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला आणि पारोळ्याच्या आमच्या ओसरीवरची एक दुपार आठवली. मी तेव्हा शाळेत होतो.

आमच्या कुळाचा भाट कडुलिंबाचा पाला घातलेली पोथी उघडून बसला होता. पिढ्यांमागून पिढ्यांची नावं तो गाणं म्हटल्यासारखी वाचत होता, मधेच नवी लिहून घेत होता. माझ्या एका काकांचं नाव आलं तसा तो थांबला. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत काका घर सोडून गेले होते, ते कुठं आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"यांच्यापुढं काय लिहू?" त्यानं आजोबांना विचारलं.

"निर्वंश लिख," आजोबा म्हणाले. म्हणजे ती शाखा तिथंच संपली.

आजोबांसमोर कधी तोंड न उघडणाऱ्या काकू आतून आल्या. पदर सावरत म्हणाल्या, "आबा, निर्वंश लिखू नका. मी शे ना आठे."

मी आहे ना इथं, असं त्या म्हणत होत्या. आजोबांनी भाटाला काकूंचं नाव लिहायला सांगितलं.

"सुनेचं नाव लिहायची रीत नाही, आबा."

"आते लिख." आता लिही, एवढंच आजोबा म्हणाले.

तेव्हा मला वाटलं होतं, काकू काकांची बाजू घेताहेत. आता वाटतं, त्या फक्त स्वतःबद्दल बोलत होत्या. काका परत आले नाहीत. त्यांच्या वाट्याचं शेत काकूंनीच शेवटपर्यंत कसलं, आणि गावात ते आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.