कातडं बोललं तेव्हा

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वसईच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकत होते. माझ्या प्रयोगासाठी लागणारे बेडूक वडीलच आमच्या कामण गावच्या भातशेतातून पकडून, मडक्याला फडकं बांधून सायकलवरून आणायचे. त्या दिवशी लावणी उरकली होती, म्हणून प्रयोग बघायला थांबले.

सरांनी मारलेल्या बेडकाच्या पाठीचं कातडं चेतातंतूसकट काढून मिठाच्या पाण्यात पसरलं होतं. बाकीचा बेडूक बादलीत पडला होता. तंतूला तार आणि तारेला रेडिओच्या सुट्या भागांतून सरांनी जुळवलेला स्पीकर. घोड्याच्या केसानं कातडं दाबलं की टक असा आवाज यायचा. केस अगदी हलका टेकवला, तर काही नाही.

मग सरांनी पाण्यात अ‍ॅड्रेनलिनचे थेंब सोडले. जरा वेळानं तोच केस तसाच हलका टेकवला.

टक-टक-टक-टक!

वडील ताडकन उठले. स्टूल मागे आपटलं.

"कोन वाजवतंय?"

"कातडं, बाबा."

"ते मेलंय ना गो?"

हे सगळं पुस्तकातून पाठ केलं होतं मी. पण प्रत्यक्ष ऐकताना मीही दचकले. सर म्हणाले, "जिवंत बेडूक घाबरला की हेच रसायन त्याच्या अंगात सुटतं. मग कातडीचे तंतू अगदी हलका स्पर्शसुद्धा टिपतात."

"म्हंजे आता ते घाबरलंय?"

"घाबरायला मेंदू लागतो. तो इथं कुठाय?"

वडिलांनी बादलीत पाहिलं. मग केस मागून घेतला आणि स्वतः कातड्याला टेकवला. स्पीकर तडतडला. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे ओढला.

"बंद करा ते."

सरांनी बटण बंद केलं.

बांधावर साप निघाला तर काठीनं ठेचणारे, सणाला कोंबडी स्वतः कापणारे माझे वडील. त्यांचा पडलेला चेहरा पाहून मला त्या आवाजाहूनही मोठा धक्का बसला. मडक्यात उरलेले बेडूक ते परत घेऊन निघाले, सरांना न विचारता. सरांनीही अडवलं नाही. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले.

"बाबा, माझा प्रयोग अर्धा राहिलाय."

"कर ना. तू शिक," ते सायकलवर बसत म्हणाले, "पन बेडूक दुसऱ्याकडनं आन. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

प्रयोग मी पुरा केला. बेडूक मात्र गोखिवरे गावच्या एका माणसाकडून आणवले.