टोकाच्या बांधीला आधी पाणी

विद्यापीठाचा कारभार न्यायाने कसा करावा हे मला भौतिकशास्त्राने शिकवलं, असं मी परदेशात कुलगुरू असताना अनेक व्यासपीठांवरून सांगितलं. सांगताना अंगात झगा असायचा, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. खरं म्हणजे ते मला सावली तालुक्यातल्या आमच्या गावात तलावाचं पाणी सोडणाऱ्या एका माणसाने शिकवलं.

आमची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तलावाला लागूनच होती. तरी पाणी मिळायचं सगळ्यांच्या शेवटी. वडील चिडायचे. "पाणी माह्या धुऱ्यावरून जाते, अन् मलेच नाई?"

पाणी सोडणारा तो फावड्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुमचं कुठी पळून जाते, भाऊ? आधी टोकाले पोचू द्या. टोक भिजलं का सारेच भिजतात."

पुढे माझ्या विद्यापीठात एक महागडं सूक्ष्मदर्शक आलं. मोठे विभाग त्याचे दिवस आपसात वाटून घेत. एका लहानशा विभागातली विद्यार्थिनी वर्षभर नंबर लावून बसली होती. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. मोजमापं झाली नसती तर संशोधन अर्धवट टाकून तिला घरी परतावं लागलं असतं. मी यादी उलटी केली. ज्याची पाळी कधीच येत नाही, तो पहिला. विभागप्रमुख वडिलांसारखेच चिडले, फक्त इंग्रजीत. मीही त्यांना तेच उत्तर दिलं; फावडं तेवढं नव्हतं. तिचं काम झालं, पदवी मिळाली. मोठ्यांचंही काही अडलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी त्या माणसाचे आभार मानायला गावी गेलो. तो आता थकला आहे, अंगणात खाटेवर बसलेला असतो. मी सगळं सविस्तर सांगितलं.

"तं त्या पोरीचं झालं ना?"

"झालं."

"मंग बेस झालं. एवढं सांगाले इतक्या दुरून आला काऊन? चहा घे."

मी म्हणालो, असा न्याय मला पुढे कुठेच पाहायला मिळाला नाही. चहा घेऊन आलेली त्याची बायको हसली. "न्याय कायचा, बापू? टोकाची बांधी आमचीच होती."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बशीत चहा ओतला.

"अजूनबी आहे," तो म्हणाला.