साडेअकरा क्रमांकाची वस्ती

दुष्काळाच्या त्या वर्षी मी उदगीरकडच्या एका कार्यालयात टँकरच्या याद्या सांभाळत होते. उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी चर्चा जोरात होती. दोन जिल्ह्यांत फायली वाटताना घोळ नको, म्हणून गावांचे क्रमांक बदलायचे नाहीत, हा माझा नियम. मध्येच एखादी वस्ती वाढली तर अकरा आणि बाराच्या मध्ये साडेअकरा लिहायचं. वहीत हे बिनतक्रार चाललं.

मग मी प्रोग्रॅमिंग शिकले आणि यादी संगणकावर घेतली. क्रमांक दिला की त्या जागेवरच्या गावाची टँकरची शेवटची खेप दिसायची. त्यावरून पुढचा टँकर कुठे धाडायचा ते ठरायचं. ११.५ दिल्यावर प्रोग्रॅम अडला. यादीतली जागा पूर्णांकानंच सांगा, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. वस्तीला स्वतःचा पूर्ण क्रमांक द्यायला हवा होता. पण मला घाई होती. दशांशापुढचं कापून टाकणारी एक ओळ लिहिली. पडद्यावरची चूक दाखवणारी लाल अक्षरं गेली. काम झालं, अशी खूण करून मी पुढच्या कामाला लागले.

आठवड्याभरानं त्या वस्तीवरची एक म्हातारी टेबलाशी आली.

"म्याडम, सहा दिस झाले, टँकर न्हाई."

मी क्रमांक टाकला. "परवाच आलाय की, मावशी."

"आला अन् न दाखवता गेला व्हय? मंग तुमच्या ह्या डबड्यालाच घागर लावते."

शिपाई हसला. मीही हसले.

"हसा. सून हिरीत उतरून वाटीनं पाणी भरायलीय. पायऱ्या ढासळल्यात."

"चौकशी करते," म्हणाले आणि तिचं नाव तक्रारींच्या वहीत सातव्या ओळीवर लिहिलं. त्या दिवशी मी पाचव्या ओळीपर्यंतच पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून विहिरीत पडल्याचा फोन आला. तेव्हा कुठे मी टँकरची जुनी वही आणि पडदा शेजारी ठेवून पाहिले. साडेअकराचे अकरा झाले होते. मला दिसलेली खेप अकराव्या गावाची होती. वस्तीला आठवडाभर एकही गेली नव्हती.

दुपारी टँकर घेऊन मी स्वतः गेले. पाइपाभोवती भांडणं चालली होती. म्हातारी दिसेना. ती सुनेसोबत लातूरला दवाखान्यात होती. सुनेच्या कमरेखाली जाणीव उरली नव्हती. त्यांच्या दाराशी पाच रिकाम्या घागरी होत्या. त्या मी भरून ठेवल्या. शेजारीण म्हणाली, "ठिवा तितंच. पर आता त्या घरात प्यायला कोन हाय?"