बोटीचा न सुटणारा गिअर

अणदूरला मी ट्रॅक्टर दुरुस्त करतो. बोटीचं इंजिन कधी उघडलं नव्हतं. तरी धरणावर सहलीची बोट चालवणाऱ्या मालकानं मलाच बोलावलं. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

बोट जाऊन धक्क्यावर आदळली होती. बोट चालवणारे मामा साठी ओलांडलेले, त्यांचा गुडघा फुटला होता. मालक म्हणाले, "वय झालंय. गिअर काढायचं विसरले."

मामा बाजूलाच बसले होते. "दांडा मागं घेतला हुता. गिअर सुटलाच न्हाय," एवढंच बोलले.

खरं सांगायचं तर मीही मालकाचंच खरं धरलं. गिअर धडकेनंच बिघडला असेल, असं वाटलं. या बोटीचं इंजिन आत असतं. गिअर आणि पंखा मागं, पाण्यात बुडालेल्या भागात. पहिल्या दिवशी मी तिथलं ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी दांड्याला वंगण घातलं. पाण्यात फेरी मारली की गिअर पुन्हा अडकायचा. वाकून वाकून कंबर धरली, तापलेल्या पत्र्यानं हात भाजले. सोडून घरी जावं असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मामाच म्हणाले, "मिस्त्री, दोन वायरी हैत. मधला जोड सोडून बघा की."

गिअर ओढणाऱ्या वायरींपैकी एक दांड्यापासून इंजिनापर्यंत येते, दुसरी तिथून मागं गिअरकडं जाते. जोड सोडला. दांडा एका बोटानं हलला. मागची वायर मात्र दोन्ही हातांनी ओढूनही सरकेना. बोट ट्रॅक्टरनं काठावर ओढून ती वायर काढली. वरचं रबर फाटलेलं, आत पाणी शिरून गंज चढलेला.

"दांडा कधीपासून जड जात होता, मामा?"

"दिवाळीपासून सांगतूय. कोन ऐकतंय?"

मालकानं वायर ओढून पाहिली आणि नवी मागवायला सांगितली. मामांना काहीच बोलले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, "चूक तुमची नव्हती. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मामांनी ती गंजलेली वायर हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

आठवड्यानं नवी वायर आली. बसवून, बोट पाण्यात सोडून दांडा मामांच्याच हाती दिला. गिअर पडला, सुटला, पुन्हा पडला.

"उद्यापासून या," मालक म्हणाले.

"आधी गुडघा वाकू द्या," म्हणत मामा लंगडत धक्क्यावर उतरले.

परतताना एसटीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला. कंडक्टरनं हलवून उठवलं, तेव्हा अणदूर मागं पडलं होतं.