बाईंची पंधरा मिनिटं

आमची ही तिसरीच्या वर्गाला शिकवते, सव्वीस वर्षं झाली. तिच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे शाळेचं तोंड न पाहताही तिथला फळा कुठे तडकलाय ते मला माहीत असतं. मी घरीच पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करतो. हात कामात आणि कान तिच्याकडे, असा आमचा संसार.

यंदा शाळा उघडली त्याच दिवशी हिने वर्गात जाहीर केलं, की मधल्या सुट्टीनंतर रोज वाचनवेळ. आवडेल ते पुस्तक घ्यायचं आणि गप्प बसून वाचायचं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, मग रोज थोडी वाढवत पंधरापर्यंत. कुणी बोललं की तिथेच थांबायचं, आणि किती मिनिटं झाली, कोण बोललं, ते भिंतीवरच्या कागदावर लिहायचं. हेडसरांनी मान डोलावली, पण अट घातली. दुसऱ्या शनिवारी ते स्वतः येऊन बसणार. पंधरा मिनिटं जमली तर ठीक, नाहीतर ती वेळ पाढ्यांना.

उत्साहाच्या भरात ही पोरांना म्हणाली, "मीसुद्धा तुमच्याबरोबर वाचणार. नियम सगळ्यांना सारखा."

इथेच घात झाला. पहिल्या दिवशी दोन मिनिटं होतात न होतात तोच ही म्हणाली, "पाय खाली घे रे." कागद सांभाळणाऱ्या दोन वेण्यांच्या पोरीने उठून शांतपणे लिहिलं, 'दोन मिनिटं. बाई बोलल्या.' दुसऱ्या दिवशी हिला खिडकीतून ऊन येताना दिसलं. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी पेन्सिल पडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! आठवड्याच्या शेवटी वर्गातर्फे एकाने विनंती केली, "बाई, तुम्ही आधी सगळं बोलून घ्या, मग आपण सुरू करू."

मी पोट धरून हसलो.

"हसू नका," ही म्हणाली. "पाढे लागतील त्यांच्या गळ्यात. ती मागच्या बाकावरची पोर, पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसायची. काल तिने पहिल्यांदा स्वतःहून पान उलटलं. आणि हे माझ्या तोंडामुळे बंद पडायचं?"

मग हिने घरी सराव करायचं ठरवलं. संध्याकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, पंधरा मिनिटं. फ्रीजवर तसाच एक कागद चिकटवला. "तुला गप्प बसलेलं मी फक्त दाढ काढली तेव्हा पाहिलंय," असं म्हणून मी स्वतःला पंच नेमून टाकलं.

सोमवारी मी पुढच्या खोलीतून विचारलं, "अगं, बारीक पेचकस कुठंय?"

"डावीकडच्या खणात."

"बोललीस!" मी आत जाऊन ओरडलो. "चार मिनिटं!" तिने मुकाट्याने कागदावर लिहिलं. मंगळवारी पाच मिनिटं झाली, बुधवारी तीन. मी रोज आत जाऊन आकडा पुकारत होतो, आणि खरं सांगायचं तर मजा लुटत होतो.

गुरुवारी दुपारी ही शाळेत असताना मी पाण्याची बाटली घ्यायला फ्रीजकडे गेलो आणि तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. 'सोमवार, चार मिनिटं. यांनी पेचकस विचारला. मंगळवार, पाच मिनिटं. सासूबाईंनी औषधाची वेळ विचारली. बुधवार, तीन मिनिटं. लेकीचा फोन, यांना दुसरा चहा.' तीन दिवसांत ही एकदाही आपणहून बोलली नव्हती. मला सपशेल लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी आईला तिचं औषध आधीच दिलं, फोन माझ्या खिशात टाकला आणि दाराशी बसलो. एक बाई मशीनचा पट्टा घेऊन आल्या, त्यांना खुणेनेच बसवलं. तेलाची कुपी सापडेना. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दहा मिनिटं शोधली. माझ्याच पायाशी होती. शुक्रवारीही तसंच निभावलं.

शनिवारी ही शाळेतून आली. आता धबधबा सुरू होणार म्हणून मी मशीन बाजूला सारलं. ही काही न बोलता खुर्चीत बसली.

"पाढे?" मी विचारलं.

"नाही. जमलं."

"मग अशी का बसलीस?"

"अहो, वेळ संपल्याचं मला कळलंच नाही. हेडसर उठून गेलेसुद्धा. त्या दोन वेण्यांच्या पोरीने येऊन माझ्या हाताला हात लावला, तेव्हा मी वर पाहिलं." तिने खांद्यावरची पिशवी काढून ठेवली. "चौतीस पोरं होती खोलीत. आणि कुणी माझ्याकडे काही मागितलं नाही."

मी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"लग्नाआधी मी अशीच वाचायचे," ती म्हणाली. "विसरूनच गेले होते."