पाठीवर भोवरा असलेला योद्धा

विश्वाची निर्मिती चालू असताना आमचे दाजी तिथं हजर असते, तर पृथ्वीवर आज एकही प्राणी दिसला नसता. सगळा माल त्यांनी तपासून, मान हलवून परत पाठवला असता. हत्तीला ही शेपटी शोभत नाही, उंटाची पाठ बिघडलेली आहे, जिराफाची मान बसवताना कारागिराचं लक्ष कुठं होतं, असे शेरे मारत त्यांनी ब्रह्मदेवाला जेरीस आणलं असतं आणि संध्याकाळी "एक गाय तेवढी पास हाये, बाकीचं उद्या बघू," म्हणून ते चहाला बसले असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे अंबडकडचे शेतकरी. हल्ली जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून जुन्या जालन्यात कापडवाल्यांच्या गल्लीत, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांची सगळी हयात बैल पारखण्यात गेली. कुणाला बैल घ्यायचा असला की आधी दाजींना निरोप जायचा आणि मग पैशाची जुळवाजुळव व्हायची. ते बैलाकडे कधीही समोरून जात नसत. "समोरून सगळेच चांगले दिसतेत, नवरदेवासकट," असं त्यांचं म्हणणं. आधी मागून एक फेरी, मग बाजूनं, मग खूर, वशिंड, शिंगं, दात, आणि शेवटी चालवून बघणं. एवढं झाल्यावर ते नुसतं "पास" किंवा "परत" म्हणत. तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता आणि त्यांना तो लागलाही नाही.

आता ही विद्या बैलापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण दाजींना दुसरी कुठली पद्धतच माहीत नसल्यामुळे ते जगातली प्रत्येक वस्तू बैलासारखी तपासत. मी स्कूटर घ्यायला गेलो तेव्हा ते शोरूममध्ये तिच्या मागं बराच वेळ उभे राहिले. मग सीटवर एक सणसणीत थाप मारली आणि ती दचकली नाही म्हणून समाधान व्यक्त केलं. दोन्ही आरसे कानांसारखे धरून हलवून बघितले. विक्रेता पोरगा पेट्रोल किती लागतं ते सांगायला लागला तर त्याला म्हणाले, "खाती किती ते राहू दे बाबा, वढती किती ते सांग." आक्काचा कुकर घेताना त्यांनी झाकण उघडून आत इतक्या बारकाईनं पाहिलं की दुकानदारानं घाबरून दुसरा कुकर काढला. माझं लग्नही त्यांच्याच शब्दावर ठरलं. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळी मंडळी पोह्यांच्या बशा घेऊन बैठकीत बसली होती आणि दाजी मागच्या दारी गोठ्यात होते. परत येऊन त्यांनी माझ्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "पाव्हणं, डोळे झाकून हो म्हणा. गायीच्या अंगावर एक गोचीड न्हाई." हे वाक्य आतल्या खोलीत बायकोनंही ऐकलं होतं. भांडण रंगात आलं की ती अजून ते काढते.

मग ट्रॅक्टर आले. ते आधीही होते, पण हळूहळू एवढे झाले की बैल पोळ्याला भाड्यानं आणायची पाळी आली. दाजींना निरोप येणं थांबलं. जालन्यात आल्यावर ते दुपारभर खिडकीत बसून खाली गल्लीतल्या रिक्षांची चाल बघत. "हिची मागली डावी बाजू दुखून राह्यली," असं म्हणायचे, आणि गंमत म्हणजे ती रिक्षा पुढच्या कोपऱ्यावर खरंच बंद पडायची. निदान दाजी तसं सांगायचे. आक्का मला फोनवर म्हणायची, "तुझे दाजी रिकामे बसून वाळून चालले रे." मला त्याचं हसू यायचं आणि काळजीही वाटायची.

त्यांना वाचवलं माझ्या भाचीनं, गुड्डीनं, आणि तेही नकळत. गुड्डी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे आणि तिला ॲक्शन फिगर जमवायचा नाद आहे. म्हणजे कल्पनेतल्या राज्यांतले योद्धे, चेटकिणी, राक्षस यांचे वीतभर, हातभर उंचीचे, सांध्यांत वाकणारे पुतळे. ते खेळायचे नसतात, कपाटात ठेवून बघायचे असतात आणि त्यांची किंमत आईला सांगायची नसते. एका दिवाळीला ती असाच एक पंखवाला अजगर घेऊन आली. दाजींनी आधी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. मग मागून पाहिलं. मग चष्मा मागितला. "एवढाल्या पंखाला एवढुशी छाती? हा उडंल कसा? परत." गुड्डी हसून हसून लोळली, पण दुसऱ्या दिवशी तिलाही तो अजगर छातीत अधूच दिसायला लागला आणि तिनं तो खरोखर विकून टाकला. तेव्हापासून दाजींचा दवाखाना सुरू झाला. गुड्डी फोटो पाठवायची, दाजी निकाल द्यायचे. बाण मारणाऱ्या एका राणीला त्यांनी भाता चुकीच्या खांद्यावर आहे म्हणून नापास केलं. एका राक्षसाचा एक पाय केसभर आखूड निघाला, तर गुड्डी म्हणाली, "बाबा, राक्षसच आहे तो." दाजी म्हणाले, "राक्षस असला म्हून काय झालं, पाय सारखे पाहिजेत." पुढं पुढं तर गुड्डीचे मित्रही काही घेण्याआधी दाजींना फोटो पाठवायला लागले. पुण्यातली इंजिनिअर पोरं जालन्याहून "परत" असा निरोप आला की निमूटपणे दुसरा माल शोधत.

आणि मग तो आला. बैलाच्या तोंडाचा, माणसाच्या धडाचा, हातात दुधारी कुऱ्हाड घेतलेला, चांगला हातभर उंच योद्धा. गुड्डीला तो कित्येक दिवसांपासून हवा होता. तिची पुण्यातली खोली बदलणं चालू होतं, म्हणून तिनं तो जालन्याच्या पत्त्यावर मागवला आणि दाजींना सांगितलं, "बाबा, आठवडाभरात परत करता येतो. तुम्ही पास म्हणालात तर ठेवीन, नाहीतर परत. माझा जीव अडकलाय त्याच्यात, पण तुमचा शब्द शेवटचा." कितीतरी वर्षांनी कुणीतरी दाजींच्या शब्दावर बैल घेत होतं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली.

योगायोगानं मीही तेव्हा जालन्यात होतो. खोकं उघडलं आणि शिंगं दिसताच आक्का "थांबा, थांबा" करत आत पळाली. जनावर घरात घेताना त्याच्या खुरांवर पाणी घालून कुंकू लावायचं असतं, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती तांब्या घेऊन आली तेव्हा गुड्डी व्हिडिओ कॉलवर होती. "आई, पाणी नको! रंग जाईल! आई!" असं ती पुण्यातून किंचाळत असताना इकडे आक्कानं दोन थेंब घालून कुंकवाचं बोट टेकवलंसुद्धा. मग दाजींनी त्याला ओसरीवजा गॅलरीत पाटावर उभं केलं आणि तपासणी सुरू झाली. सांधे एकेक करून वाकवले, आवाज ऐकला. खूर सारखे. शिंगं सारखी. वशिंड डौलदार. मग जबडा उघडला आणि दाजी ओरडले, "आरं, याला वर पुढं दात हायेत! बैलाला वर पुढं दात असतेत का?" गुड्डी म्हणाली, "बाबा, तो मांस खातो." दाजींनी पुतळा हातभर लांब धरला. "बैलाचं तोंड घेऊन मांस खातो? कुठल्या घरचं वळण हे!" पण तेवढा दोष त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातला. शेवटी पाठीवरचा झगा वर केला. मानेखाली, वशिंडाच्या जरा मागं, कारागिरानं केसांचा एक सुंदर भोवरा कोरला होता.

दाजींचा चेहरा उतरला. बैलाच्या अंगावर केस गोल फिरलेले असतात तो भोवरा. जाणत्यांच्या मते एका ठिकाणचा भोवरा घर भरतो आणि दुसऱ्या ठिकाणचा घर बसवतो. इतर सगळं उत्तम असूनही भोवऱ्यापायी बैल परत गेल्याची उदाहरणं दाजींच्याच नावावर कमी नाहीत. त्यांनी झगा खाली सोडला आणि म्हणाले, "परत." गुड्डीला आधी ही थट्टा वाटली. मग ती म्हणाली, "बाबा, तो डिझाइनमध्येच आहे. या फिगरच्या सगळ्यांच्याच पाठीवर आहे." दाजी म्हणाले, "मंग तर अख्खा वंशच खोडीचा." गुड्डी हळूच म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

तिनं भांडण केलं असतं तर दाजी मजेत जेवले असते. तिनं ऐकलं, आणि तिथंच त्यांची गडबड झाली. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला. संध्याकाळी गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पाव्हणं, कुणाला सांगू नका. वशिंडाच्या मागला भोवरा चांगला का वाईट, हे मला बराबर आठवून न्हाई राह्यलं. मी भ्यालो अन् परत म्हून बसलो. पोरीचा जीव हाये त्याच्यात." मी म्हणालो, "मग पास म्हणून टाका की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वरचे पुढचे दात दाखवले होते. "न बघता पास? मंग राह्यलं काय माझ्यापाशी?"

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अंबडच्या पुढं, जिथं दाजी पूर्वी दर आठवड्याला जायचे तिथला. त्यांनी योद्ध्याला उपरण्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि मला बरोबर घेतलं. एसटीत कंडक्टरनं पिशवीतून बाहेर आलेली शिंगं पाहून विचारलं, "काय हाये त्याच्यात?" दाजी म्हणाले, "जनावर." कंडक्टर म्हणाला, "मंग त्याचं तिकीट लागंल." दाजी खिशात हात घालायला लागले तेव्हा मी घाईनं उपरणं उलगडून दाखवलं. कुऱ्हाड पाहून कंडक्टर घाईनं पुढच्या प्रवाशाकडं वळला.

बाजारात शेळ्या होत्या, मोबाईलची कव्हरं होती, आणि एका कडेला दावणीला मोजके बैल. त्यांच्याजवळ लिंबाखाली एक म्हातारे चाचा बसलेले होते. बैलांचे जुने दलाल, आणि दाजी पारख ज्यांच्याकडून शिकले ते हेच. डोळे आता गेल्यातच जमा. दाजींचा आवाज ऐकताच ते हसले, "आओ मियाँ! लई दिवसानं. जनावर आणलं का?" दाजींनी आणलेलं जनावर त्यांच्या हातात दिलं. चाचांनी शिंगं चाचपली, छाती चाचपली, पुतळ्याचे माणसासारखे हात लागले तसे थबकले. "मुंडी बैल की, हात आदमी के? ये कौन बनाया रे?" तोवर भोवती माणसं जमली होती. एक म्हणाला खूर भारी आहेत, दुसरा म्हणाला शिंगं आतल्या बाजूला पाहिजेत, तिसऱ्यानं हा नांगराला चालेल का विचारलं, आणि चौथ्यानं कुऱ्हाड टाकायला लावली तर चालेल असं सांगितलं. भोवऱ्यावरून तर दोन तट पडले. घर भरतो म्हणणारे आणि घर बसवतो म्हणणारे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी होते. त्या गर्दीत दाजी असे फुलले होते की मला आक्काला तिथं आणावंसं वाटलं. शेवटी चाचांनी सगळ्यांना गप्प केलं. झग्याखाली अंगठा घालून त्यांनी तो भोवरा सावकाश फिरून फिरून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, "बिलकुल पास. घर भरणारा हाये. ले जाओ."

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्यांना अर्थातच आता सौदा बघायचा होता. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे बघणाऱ्यांना काही कळत नाही. चाचांनी सवयीनं हात पुढं केला, कुणीतरी त्यावर उपरणं टाकलं, दाजींनी आपला हात आत घातला. दोघंही गंभीर झाले. पुष्कळ वेळ गेला. लोक म्हणाले, मोठा आकडा दिसतो. मग दाजींनी हात काढून घेतला, "न्हाई जमत, चाचा," असं मोठ्यानं म्हणाले आणि सगळे हसत पांगले. तिथूनच त्यांनी गुड्डीला फोन लावला. "पास! पास हाये गं! चाचानं सोता हात लावून बघितलं!" पलीकडून गुड्डीची आरोळी मला चार पावलांवर ऐकू आली.

परतीच्या बसमध्ये दाजी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. मी विचारलं, "चाचांनी भाव किती केला हो?"

"भाव कुठला," दाजी म्हणाले. "एक बोट धरलं न्हाई त्यानं. नुसता हात धरून बसल्ता."

बस बरीच पुढं गेल्यावर ते बाहेर बघतच म्हणाले, "त्यालाबी आठवून न्हाई राह्यलं, पाव्हणं. अंगठा फिरवताना मला कळलं. पोरीला सांगू नका."

मी सांगणार नाही म्हणालो. मला फार वाईट वाटत होतं. चाचांना पुन्हा भेटायला दाजींना लवकर आणलं पाहिजे, असं मी मनाशी ठरवेपर्यंत अंबड आलं आणि बसमध्ये गर्दी झाली.